साहित्याचा आढावा: सिस्टिमॅटिक, स्कोपिंग की साधा?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मराठवाड्यातल्या एका कॉलेजात. प्रकल्पाचा विषय आहे ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचं आरोग्य. सर म्हणतात, "सिस्टिमॅटिक रिव्ह्यू कर, प्रिस्माचा तक्ता लाव, बाहेरचा परीक्षक खूश होतो." एक सीनियर म्हणते, एकटीनं सिस्टिमॅटिक होतच नाही, सगळे लिहितात तसा लिही आणि मोकळी हो. यूट्यूबवर बघावं तर स्कोपिंग, इंटिग्रेटिव्ह, रॅपिड, अंब्रेला... डोकं गरगरलं.

हातात एक सत्र आहे. मुलाखती दसऱ्याच्या आत उरकायला हव्यात, नंतर टोळ्या कारखान्यांवर निघतात आणि गावात म्हातारी माणसं तेवढी उरतात. पबमेडवर मोजकेच लेख मिळाले. उलट सरकारी अहवाल, संस्थांचे अहवाल आणि पेपरातल्या बातम्या ढीगभर आहेत. यातलं काय धरायचं, काय सोडायचं? आणि पद्धत नक्की कशावरून ठरवायची? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कडुलिंब
मी सामाजिक वैद्यकशास्त्रात काम करतो, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच्या चमूंमध्ये बसलोय, म्हणून जरा सविस्तर.

पहिला गैरसमज इथेच दूर करा. प्रिस्मा ही आढावा घेण्याची पद्धत नाही. आढावा झाल्यावर तो कसा मांडावा याची ती तपासयादी आहे. २००९ साली आली, २०२० ची सुधारित आवृत्ती आता वापरात आहे, २७ मुद्दे आहेत. 'इतके लेख सापडले, इतके दुबार निघाले, इतके वगळले, इतके उरले' असा चौकटींचा तक्ता काढला म्हणजे आढावा सिस्टिमॅटिक होत नाही.

सिस्टिमॅटिकमध्ये काय लागतं? शोधायला बसण्याआधी लिहून ठेवलेला आराखडा. एकाहून जास्त डेटाबेस. प्रत्येक लेख दोन माणसांनी एकमेकांना न विचारता तपासायचा, मतभेद झाला तर तिसऱ्यानं निकाल द्यायचा. मग उरलेल्या प्रत्येक अभ्यासाचा दर्जा ठरलेल्या निकषांवर जोखायचा. हे सगळं मुळात 'हे औषध लागू पडतं का' अशा प्रश्नासाठी घडलंय. १९९३ मध्ये कॉक्रेन या संस्थेची स्थापना झाली ती याच कामासाठी. आराखडे आधी नोंदवायची प्रॉस्पेरो ही नोंदवही इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातून चालते. तिथे नोंदलेल्या १९५ आढाव्यांचा हिशोब २०१७ साली बीएमजे ओपन या वैद्यकीय मासिकात आला होता: नोंदणीपासून छापून येईपर्यंत सरासरी ६७ आठवडे. आणि ही चमूंची गत आहे, एकट्या माणसाची नव्हे.

तुमच्याकडे एक सत्र आहे आणि दुसरा तपासणारा नाही. तेव्हा शीर्षकात 'सिस्टिमॅटिक' हा शब्द घालू नका. जाणकार परीक्षक आला तर पहिलाच प्रश्न विचारेल, "दुसरा रिव्ह्यूअर कोण होता?"

एकारान्त
कडुलिंबांचा प्रतिसाद वाचून आमच्या मराठी विभागाची आठवण झाली. तिथे पद्धत एकच होती: मागच्या वर्षीच्या प्रबंधातली संदर्भसूची. :)

विनोद सोडा. मला या सगळ्या चाळण्यांबद्दल एक शंका कायम आहे. शोध इंग्रजी डेटाबेसवर, शोधशब्द इंग्रजी, 'फक्त इंग्रजी लेख' ही अट तर लोक डोळे झाकून घालतात. मग ऊसतोडीवर मराठीत जे लिहिलं गेलं, म्हणजे चळवळीतल्या लोकांच्या पुस्तिका, दिवाळी अंकांतले दीर्घ रिपोर्ताज, आत्मकथनं, ते पहिल्याच चाळणीत खाली. वर आपण लिहिणार, "या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही." झालेलं नाही, की तुम्ही बघितलं नाहीत?

रानजाई, मी तुमच्या जागी असते तर साधा कथनात्मक आढावा लिहिला असता, पण नीट. त्याला कमी लेखायचं काही कारण नाही. त्याचा दर्जा जोखायलाही २०१९ पासून सॅन्रा नावाची सहा मुद्द्यांची मोजपट्टी आहे. सहाच मुद्दे, वाचायला दहा मिनिटं.

ग्रंथपाल_काका
चर्चा उंचावर चाललीय, मी जरा कपाटांकडे नेतो.

रानजाई, अगं पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची. तिथे तुझा निम्मा विषय मिळणारच नाही. श्रम, स्थलांतर, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), मुकादम हे सगळं समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या मासिकांत. इ.पी.डब्ल्यू.चे (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) जुने अंक जेस्टोर या ऑनलाइन संग्रहावर आहेत. तुझ्या कॉलेजला इन्फ्लिबनेटचं एन-लिस्ट (कॉलेजांना ई-मासिकं, ई-पुस्तकं पुरवणारी योजना) असेल तर लायब्ररीत जाऊन युजरनेम मागून घे. बहुतेक मुलं तीन वर्षांत एकदाही मागत नाहीत आणि आम्ही नूतनीकरणाचे अर्ज भरत बसतो. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही मासिकांच्या एकत्रित वर्गणीची केंद्राची योजना सुरू झालीय, १३ हजारांवर मासिकं आहेत त्यात. पण पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारी संस्थाच आहेत. तुझं कॉलेज यादीत आहे का ते आधी विचार. नसेल तर सरकारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बस.

शोधगंगा विसरू नकोस. पीएच.डी.चे प्रबंध पूर्ण मजकुरासह आहेत आणि मराठीतलेही आहेत. एखादा जवळचा प्रबंध सापडला की त्याचं दुसरं प्रकरण, म्हणजे साहित्याचा आढावा, वाच. ते उतरवायला नव्हे, त्यानं कुठे कुठे शोधलं ते बघायला.

गुगल स्कॉलरचं एक लक्षात ठेव. वर लाखभर निकाल दाखवतं, पण उघडून बघता येतात ते पहिले हजारच. आज आणि पुढच्या महिन्यात तोच शोध दिलास तर क्रमही बदललेला असतो. म्हणून शोधवही ठेव: तारीख, कुठे शोधलं, नेमके शब्द कोणते दिले, किती सापडले, किती ठेवले. पद्धत कुठलीही घेतलीस तरी ही वही लागणारच.

शब्दांची यादी शोधाआधी कर. इंग्रजीत शुगरकेन कटर, केन हार्वेस्टर, सीझनल मायग्रंट अशी तीन-चार नावं चालतात. मराठीत ऊसतोड, उसतोड, ऊसतोडणी, तिन्ही वेगवेगळं शोधावं लागतं, संगणकाला ऱ्हस्व-दीर्घाची दयामाया नाही. आणि 'गर्भाशय' टाकून झालं की 'गर्भपिशवी' टाक. बातम्या आणि मुलाखती त्याच शब्दाखाली सापडतील.

रानजाई
काका, खूप धन्यवाद, एन-लिस्टचं आजच विचारते.

पण माझी मुख्य अडचण तीच आहे. सरकारी समितीचा अहवाल, महिला संघटनांची सर्वेक्षणं, पेपरातल्या मालिका. हे 'साहित्य' म्हणून धरायचं का? सर म्हणतात पीअर रिव्ह्यूड (छापण्याआधी इतर तज्ज्ञांनी तपासलेलं) नसेल ते घ्यायचं नाही. ते सगळं काढलं तर माझा आढावा दोन पानांत संपतो.

वाटाड्या_७
हा तर स्कोपिंग रिव्ह्यूचा विषय आहे. इतका की मला आश्चर्य वाटतंय अजून कुणी म्हटलं कसं नाही.

पद्धत प्रश्नावरून ठरते. 'अमुक उपायाचा परिणाम किती' असा नेमका प्रश्न असेल आणि त्यावर एकसारखे पुष्कळ अभ्यास असतील तर सिस्टिमॅटिक. त्या अभ्यासांतले आकडे एकत्र करता येत असतील तर पुढे मेटा-ॲनालिसिस. 'या विषयावर कुणी, कुठे, कसलं काम केलंय आणि काय राहिलंय' असा प्रश्न असेल तर स्कोपिंग. ग्रँट आणि बूथ यांनी २००९ मध्ये आढाव्याचे चौदा प्रकार मांडले, पण विद्यार्थ्याला त्यातले तीन-चार पुरतात. बाकीचे ओळखता आले तरी बास.

स्कोपिंगचा पाया आर्क्सी आणि ओ'मॅली यांच्या २००५ च्या लेखात आहे. पाच पायऱ्या: प्रश्न ठरवा, साहित्य शोधा, निवडा, माहिती तक्त्यात भरा, मग मांडा. सहावी ऐच्छिक पायरी म्हणजे विषयाशी संबंधित माणसांशी सल्लामसलत. रानजाई, तुम्ही नाहीतरी बायकांशी आणि आशाताईंशी बोलणारच आहात! आणि यात अहवाल, प्रबंध, संस्थांची सर्वेक्षणं हे सगळं रीतसर चालतं. मांडणीसाठी प्रिस्माचीच स्कोपिंगसाठीची वेगळी यादी २०१८ मध्ये आली आहे, म्हणजे सरांचा तक्ताही राहतो. प्रॉस्पेरोवर मात्र स्कोपिंग नोंदता येत नाही, तिथे वेळ घालवू नका.

प्रश्न तीन खुंट्यांवर टांगा: कोणती माणसं, कोणती संकल्पना, कोणता संदर्भ. तुमच्या बाबतीत ऊसतोड करणाऱ्या स्त्रिया, त्यांचं आरोग्य आणि हंगामी स्थलांतर. 'महाराष्ट्र' ही अट घालावी की नाही याचा विचार करा. घातलीत तर यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ बाहेर पडतात. त्यांचं १९७८ चं इ.पी.डब्ल्यू.मधलं काम बारडोलीच्या कारखान्यांवरचं, म्हणजे दक्षिण गुजरातचं. पण तिथे तोडणीला गेलेले मजूर महाराष्ट्रातून, खानदेशातून आलेले होते. अशी एक अट चुकली की विषयाचा आधारच निसटतो.

एकारान्त
वाटाड्या, +१. सहाव्या पायरीचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली आहे.

कडुलिंब
स्कोपिंगला माझा विरोध नाही, पण त्यातली मेख सांगायला हवी. स्कोपिंगमध्ये अभ्यासांचा दर्जा जोखणं सक्तीचं नसतं. त्यामुळे बरावाईट सगळा माल एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसतो आणि वाचणाऱ्याला सगळं सारख्याच वजनाचं वाटतं.

रानजाईंच्याच विषयातलं उदाहरण घेऊ. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी मांडली: ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. म्हणजे जवळजवळ १७ टक्के. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आलं. आता विद्यार्थी काय करतो? दोन आकडे शेजारी ठेवतो आणि लिहितो, "देशाच्या पाचपटीहून अधिक."

थांबा. दोन्हीकडचा वयोगट एकच आहे का? कुटुंब पाहणीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही मोजल्या जातात, ज्यांची ही शस्त्रक्रिया जवळपास कधीच होत नाही. त्यानं सरासरी खाली येते. मग बीडमध्ये कोणत्या वयाच्या बायका मोजल्या? माहिती कुणी गोळा केली, कागदपत्रं बघितली की तोंडी विचारलं? अहवालात याची उत्तरं शोधा, आणि न मिळाल्यास 'अहवालात वयोगट दिलेला नाही' असं तक्त्यात तसंच लिहा. प्रमाण धक्कादायक आहे यात वाद नाही. पण 'पाचपट' हा शब्द या दोन आकड्यांतून निघत नाही.

तेव्हा माझी सूचना: स्कोपिंग करा, पण तक्त्यात 'माहिती कशी गोळा झाली' हा रकाना घाला आणि तो प्रामाणिकपणे भरा. सरांनाही हेच सांगा. पीअर रिव्ह्यू हा एक निकष झाला, एकमेव नव्हे. सरकारी पाहणीला पीअर रिव्ह्यू नसतो म्हणून जनगणना कुणी सोडून देत नाही.

नल_पॉइंटर
मी सॉफ्टवेअरवाला, एम.टेक.ला सिस्टिमॅटिक केला होता. आमच्याकडे बार्बरा किचनहॅम यांनी २००४ साली ही पद्धत वैद्यकशास्त्रातून आणली, तेव्हापासून सगळे करतात. खरं सांगायचं तर आमच्या वर्गातले निम्मे नावालाच सिस्टिमॅटिक होते.

उपयोगाची एक गोष्ट सांगतो: स्नोबॉलिंग. डेटाबेसवर शब्द टाकत बसण्यापेक्षा पाच-सहा पक्के लेख घ्या. त्यांच्या संदर्भसूचीतून मागे जा, आणि गुगल स्कॉलरवर 'साइटेड बाय' दाबून पुढे या. नवीन नावं यायची थांबली की तुम्हीही थांबा. वोलिन यांच्या २०१४ च्या लेखात याचे नियम आहेत. तुमच्यासारख्या विखुरलेल्या विषयाला हे शब्दशोधापेक्षा जास्त फळतं असं माझं मत. वर ब्रेमन यांचं नाव आलंय, तिथून पुढे येऊन बघा.

आणि एआयवाल्या साधनांबद्दल: सारांश काढायला वापरा हवं तर, पण त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय सूचीत घेऊ नका. लेखकाचं नाव खरं, मासिक खरं, वर्ष पटण्यासारखं आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, हे सर्रास होतं.

चौथा_तास
कॉलेजात शिकवतो, दरवर्षी प्रकल्पांचा गठ्ठा तपासतो. पद्धतीवर वर पुरेसं झालंय. मला लिहिण्याबद्दल बोलायचंय, कारण माझ्या टेबलावर जे येतं ते बहुतेक वेळा असं असतं:

"अमुक (२०११) यांनी ऊसतोड कामगारांचा अभ्यास केला. त्यांच्या मते कामगारांचे आरोग्य चांगले नाही. तमुक (२०१४) यांनीही ऊसतोड कामगारांचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की..."

बारा पानं असंच. ही किराणा दुकानाची यादी झाली. पद्धतीचं नाव काहीही द्या, हे वाचून कुणालाच काही कळत नाही.

यावर उतारा म्हणजे संकल्पनांचा तक्ता. वेबस्टर आणि वॉटसन यांनी २००२ मध्ये मांडलेली साधी युक्ती आहे. उभ्या बाजूला लेख आणि अहवाल, आडव्या बाजूला मुद्दे. रानजाईसाठी मुद्दे असे होतील: कामाचे तास, पाळीच्या दिवसांतलं काम, गरोदरपण, पाणी आणि शौचालय, गर्भपिशवीची शस्त्रक्रिया, उचल आणि खाड्याचा दंड, सरकारी योजना. ज्यात जो मुद्दा आलाय तिथे खूण करा. मग लिहिताना ओळीप्रमाणे लिहू नका, रकान्याप्रमाणे लिहा. एक रकाना, एक उपशीर्षक:

"पाळीच्या दिवसांत सुट्टी घेणं परवडत नाही हे संस्थांच्या सर्वेक्षणांत वारंवार येतं, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. वैद्यकीय लेखांत मात्र उचल आणि दंडाचा उल्लेखच नाही, तिथे कारणं शरीरात शोधलेली दिसतात."

बघा, इथे आढावा काहीतरी सांगायला लागला. (वाक्य नमुन्यादाखल आहे. प्रत्यक्ष तुमच्या तक्त्यात काय निघेल ते तुम्ही बघा.) आणि जो रकाना जवळजवळ रिकामा राहील तीच तुमच्या मुलाखतींची जागा.

आता सरांचं. "सर, तुमचं चुकलं" असं म्हणायला जाऊ नकोस. आढाव्याच्या सुरुवातीला 'आढाव्याची पद्धत' असं एक पान लिहून ने. कुठे शोधलं, कोणते शब्द, कोणत्या भाषा, कोणत्या काळातलं, काय वगळलं आणि का, एकटीनंच तपासलं हेही. खाली चौकटींचा तक्ता जोड. नाव दे 'स्कोपिंग आढावा'. बहुतेक मार्गदर्शकांना शब्द महत्त्वाचा नसतो, परीक्षकासमोर उत्तर असलं की झालं. सर तरीही अडले तर या धाग्यावर परत ये.

अवांतर: साम्य-तपासणीत सर्वात जास्त टक्के या प्रकरणात निघतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे पायऱ्या सुरू होतात. लेखाचा सारांश लेख समोर ठेवून लिहू नका. वाचा, मिटा, मग लिहा.

एकारान्त
चौथा_तास यांना दंडवत. 'रकान्याप्रमाणे लिहा' हे आमच्या पीएच.डी.वाल्यांच्या गटात चिकटवतेय.

फक्त एक भर. आत्मकथनं आणि ललित लेखन या तक्त्यात कोंबू नका. तिथे बाई काय म्हणते याइतकंच कसं म्हणते हेही असतं, ते खुणेत मावत नाही. त्यासाठी एक वेगळा छोटा भाग ठेवा, सरळ कथनात्मक. आढावा सगळाच्या सगळा एकाच पद्धतीचा असला पाहिजे असा कुठे नियम आहे?

कडुलिंब
नियम नाही, पण कोणता भाग कोणत्या पद्धतीनं केला ते लिहावं लागेल. आत्मकथनं शोधून निवडली की माहितीतली घेतली, हेसुद्धा.

एकारान्त
माहितीतली घेतली असं लिहायला मला तरी लाज वाटणार नाही. :)

रानजाई
सगळ्यांचे आभार. सरांशी बोलले. 'स्कोपिंग' शब्दाला हरकत नाही, पण पेपरातल्या बातम्या नकोत म्हणाले. बातम्या आढाव्यात न घेता पार्श्वभूमीच्या प्रकरणात वापरायचं ठरलंय. संघटनांची सर्वेक्षणं आणि समितीचा अहवाल राहतोय, 'माहिती कशी गोळा झाली' या रकान्यासकट. महाराष्ट्राची अट काढून 'महाराष्ट्रातून गेलेल्या किंवा महाराष्ट्रात आलेल्या मजूर स्त्रिया' अशी केली. मैत्रीण प्रत्येक पाचवा लेख स्वतंत्रपणे तपासायला तयार झालीय, म्हणजे निदान माझी निवड ताडून बघता येईल. हे चालेल ना?

आणि एक तांत्रिक शंका. झोटेरोत (संदर्भसूची बनवायचं सॉफ्टवेअर) मराठी संदर्भ भरले तर ते सूचीत सगळ्यात शेवटी जातात. समितीचा अहवाल भरताना लेखक म्हणून कुणाचं नाव द्यायचं?

कडुलिंब
प्रत्येक पाचवा चालेल, चांगलं आहे. किती ठिकाणी दोघींचं जुळलं नाही आणि मग काय ठरवलंत, तेही लिहा.

ग्रंथपाल_काका
झोटेरोत रोमन नावं आधी आणि देवनागरी नंतर लागतात. त्याच्याशी झगडू नकोस, सूचीचे सरळ दोन भाग कर, मराठी आणि इंग्रजी. मराठी विद्यापीठीय प्रबंधांत हे चालतं. अहवालाला व्यक्तीचं नाव नको, समितीचं किंवा विभागाचं दे. लेखकाच्या चौकटीशेजारी छोटं बटण आहे, ते दाबलं की आडनाव-नाव अशा दोन चौकटींची एक होते. तिथे पूर्ण नाव टाक, नाहीतर 'शासन, महाराष्ट्र' असं उलटं छापून येईल. आणि सरकारी संकेतस्थळावरची पीडीएफ आजच उतरवून ठेव, पाहिल्याची तारीख नोंद. तोंडी परीक्षेच्या आधी ती दुव्यावर सापडेलच याची खात्री कुणी देऊ नये.